रागौषधींचे स्तोम

रुग्णालयाच्या भिंतीवर काय लिहिलेले असावे, याविषयी माझ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. थुंकू नये, मोठ्याने बोलू नये, रुग्णापाशी गर्दी करू नये, एवढ्या सूचना दिसल्या म्हणजे मनुष्याने समाधान मानावे. परंतु ज्या रुग्णालयात मी आठवड्यातून तीन दिवस गाण्याच्या साह्याने रुग्णसेवा करीत असे, तेथील प्रतीक्षालयात एके दिवशी एक सुबक छापलेला, काचेत बसविलेला तक्ता लागला. डाव्या रकान्यात रोग, उजव्या रकान्यात राग. निद्रानाशावर पूरिया, रक्तदाबावर तोडी आणि हिंदोल, मनाच्या ताणावर दरबारी, अशी ती यादी बरीच खालपर्यंत गेलेली होती. आणि तळाशी, शंकेखोरांची तोंडे बंद करण्यासाठी, हे सर्व प्राचीन भारतीय शास्त्रास अनुसरून असल्याची ग्वाही होती. त्याच आठवड्यात छताला ध्वनिक्षेपक बसले. पुढील आठवड्यात मला मोठ्या सौजन्याने कळविण्यात आले की, आपण यापुढे तसदी घेण्याचे कारण नाही. राग आता आपोआप वाजत राहतील.

पोटावर पाय आला म्हणून हा गवई ओरडतो आहे, असे कोणास म्हणावयाचे असल्यास त्याने खुशाल म्हणावे. पोट मलाही आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु प्रश्न एका गवयाच्या तीन दिवसांच्या वेतनाचा असता, तर मासिकाची पाने अडविण्याचे धाडस मी केले नसते. अशा याद्या आज भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरतात, व्याख्यानांतून वाचल्या जातात, मैफलींच्या निवेदनांतून सांगितल्या जातात. आणि त्यांना विरोध करणे हे जणू संगीताची महती नाकारणे आहे, असा समज सुशिक्षितांतही रूढ झालेला आहे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. ही यादी रुग्णाला फसविते, संगीताचा अपमान करिते, आणि रोग्याच्या उशाशी बसून जे खरे काम होऊ शकते त्याची वाट बंद करिते. या तिन्ही गोष्टी मी क्रमाने दाखवू इच्छितो.

प्रथम संगीताचेच पाहू. यादी म्हणते, तोडीने रक्तदाब उतरतो. ठीक आहे, कोणत्या तोडीने? आपल्या हिंदुस्थानी पद्धतीतील तोडीत ऋषभ, गांधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र असतो. कर्नाटक पद्धतीतील तोडी ऐकावयास बसलात, तर मध्यम शुद्ध आणि निषादही कोमल. म्हणजे स्वरांच्या दृष्टीने ती आपल्या भैरवीच्या घरची. आपला हिंदोल तीव्र मध्यमाचा. कर्नाटकातील हिंदोळम् म्हणजे आपला मालकंस. मग मद्रासच्या रोग्याचा रक्तदाब हिंदोळमने उतरावयाचा आणि पुण्याच्या रोग्याचा हिंदोलाने, हे कसे? नाव एक आणि द्रव्य वेगळे, असा घोटाळा एखाद्या औषधी दुकानात झाला तर दुकानदारास तुरुंगात जावे लागेल. येथे त्याच घोटाळ्याला शास्त्र म्हणतात.

बरे, दोन पद्धतींची तुलना सोडून देऊ आणि आपल्याच अंगणात राहू. पूरिया, मारवा आणि सोहनी या तिन्ही रागांना स्वर तेच: ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. तीन राग होतात ते स्वरांमुळे नव्हे. कोणत्या स्वरावर थांबावयाचे, कोणत्याला नुसता स्पर्श करावयाचा, सप्तकाच्या कोणत्या भागात वावरावयाचे, यांवरून ते वेगळे होतात. भूप आणि देशकार यांचेही तसेच. आता पूरियाने झोप येते हे क्षणभर खरे मानले, तर ज्या ध्वनिमुद्रणात गायकाचा पूरिया घटकाभर मारव्याकडे झुकला आहे, ते ऐकून रोगी निम्मा झोपेल आणि निम्मा जागा राहील काय? घराण्याघराण्याची मांडणी निराळी, गायकागायकाचा लगाव निराळा, एकाच गायकाचा कालचा पूरिया आज तोच नसतो. गुरूच्या पायाशी वर्षानुवर्षे बसून, ज्या वस्तूचा नेमका आकार कधीच मुठीत येत नाही हे आम्ही शिकलो, तिचे वजन करून पुड्या बांधणाऱ्यांनी निदान एक राग तरी नीट ऐकला आहे काय, अशी शंका येते.

आता प्राचीन शास्त्राची साक्ष. आपल्या पूर्वजांच्या नावाने हल्ली जे काही विकले जाते, त्यातील बराच माल त्यांच्या दुकानातला नसतो. जुन्या ग्रंथांतले शुद्ध स्वरांचे सप्तक आजच्या बिलावलाचे नसून काफीच्या जवळचे होते, असे विद्वान मानतात; बिलावल हे शुद्ध सप्तक धरून दहा थाटांची व्यवस्था पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनी लावून दिली, ती तर अगदी कालची. म्हणजे ग्रंथांत एखाद्या रागाचे नाव सापडले तरी तो आज आपण गातो तोच राग आहे, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आणि ज्याला खरोखर साक्षीला बोलवावे असा पुरुष आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेला. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला शार्ङ्गदेव हा ‘संगीतरत्नाकरा’चा कर्ता. त्याचा आजा काश्मिरातून दक्षिणेत आलेला, आणि स्वतः शार्ङ्गदेवाला वैद्यकाचे ज्ञान होते. त्याने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात गर्भाची उत्पत्ति, शरीराची रचना, नाड्या यांचे सविस्तर वर्णन केले आहे; कारण नाद देहात उत्पन्न होतो, तेव्हा देह कळल्यावाचून नाद कसा कळणार, अशी त्याची विचारसरणी. म्हणजे राग आणि रोग या दोहोंचीही ज्याला ओळख होती असा हा मनुष्य. त्याने पुढे रागांचे वर्णन केले तेव्हा रस सांगितले, ऋतू सांगितले, प्रहर सांगितले, देवता सांगितल्या. अमक्या रागाने अमका रोग जातो, अशी यादी लिहिण्याचा मोह त्याला झाला नाही. वैद्यक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्याने जे लिहिले नाही, ते दोन्ही न जाणणाऱ्यांनी त्याच्या नावावर लिहावे, हा आमच्या काळाचा पराक्रम होय.

मग जुन्या वैद्यकाला संगीत ठाऊकच नव्हते काय? होते, आणि तेथेच या वादाचे मर्म आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात, संपन्न रुग्णाला शोधनचिकित्सा देण्यापूर्वी घर कसे सिद्ध करावे, कोणती सामग्री जमवावी, हे सांगितले आहे. वाऱ्याला प्रतिबंध नको आणि वारा अंगावरही नको अशी वास्तू, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, दुभती गाय, हे सर्व त्यात आहे. त्यात परिचारकांची जी गणना केली आहे तिच्यात स्वयंपाक करणारे, स्नान घालणारे, अंग रगडणारे, रुग्णाला उठविणारे-निजविणारे, औषधे वाटणारे यांच्या मागोमाग गाण्या-वाजविण्यात आणि कथा-आख्यायिका सांगण्यात कुशल असे लोकही येतात; आणि ते कसे असावेत हे सांगताना चरक त्यांना ‘अभिप्रायज्ञ’ म्हणतो. म्हणजे रुग्णाच्या मनात काय आहे ते ओळखणारे. देश आणि काळ जाणणारे असावेत, असेही तो म्हणतो. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, येथे एकाही रागाचे नाव नाही. चरकाने राग मागितला नाही, माणूस मागितला. आणि त्या माणसाची योग्यता सांगताना त्याचा गळा जेवढा पाहिला, तेवढेच त्याचे मनही पाहिले.

यावर एक ठरलेले उत्तर येते. १९३३ साली पंडित ओंकारनाथ ठाकूर युरोपात गेले असता त्यांनी मुसोलिनीला पूरिया ऐकविला आणि निद्रानाशाने गांजलेला तो हुकूमशहा झोपी गेला, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती शब्दशः खरी मानली तरी तिच्यातून काय निष्पन्न होते? एका असामान्य गायकाने, एका श्रोत्यासमोर बसून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत, एका रात्री गाऊन त्याला निजविले. यश कोणाचे? पूरियाचे म्हणावे, तर तोच पूरिया गाऊन ज्यांनी आजवर सभागृहे जागती ठेविली त्यांचे काय करावे? यश त्या गाणाराचे आणि त्या प्रसंगाचे आहे. ज्यांना त्या गोष्टीतून फक्त रागाचे नाव घ्यावेसे वाटते आणि गायक टाकून द्यावासा वाटतो, त्यांनी लाडू टाकून द्रोण चाटावा तसे केले आहे.

हे वेड आपल्यापुरतेच आहे, असेही नाही; त्यामुळे स्वदेशाभिमानाला धक्का लागण्याचे कारण नाही. १९९३ साली अमेरिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंसाठी रचलेली सोनाटा ऐकविण्यात आली, आणि आकृत्या मनात जुळविण्याच्या परीक्षेत त्यांना काही गुण अधिक पडले. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही, हे संशोधकांनीच लिहून ठेविले होते. परंतु तेवढ्यावरून मोझार्टने बुद्धि वाढते अशी आवई उठली, तान्ह्या मुलांसाठी ध्वनिमुद्रिकांचा बाजार भरला, आणि १९९८ साली जॉर्जिया संस्थानच्या गव्हर्नराने प्रत्येक नवजात बालकाला संगीताची भेट देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. पुढे अनेकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा फुगा पुष्कळच बसला. तात्पर्य, मनुष्याला पुडी हवी असते. ती पूर्वेची असो वा पश्चिमेची.

तर मग संगीतोपचार म्हणजे आहे तरी काय? हा प्रश्न मला लोक लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि उत्तर ऐकण्यापूर्वीच आपल्या गुडघ्यासाठी एखादा राग मागतात. उत्तर देण्याचा सरळ मार्ग म्हणजे माझा एक दिवस सांगणे.

सकाळी रियाज आटोपून मी पिशवी भरतो. तीत तानपुऱ्याचे छोटे विजेवर चालणारे यंत्र, खंजिरी, घुंगरू, टाळांची जोडी, ही सर्व पुसून स्वच्छ करण्याचे फडके आणि एक वही असते. पहिला मुक्काम पक्षाघाताच्या रुग्णांकडे. त्यांच्यापैकी एक काका, जन्मभर कचेरीत कारकुनी केलेले, उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. समोर बसलेल्या काकूंचे नाव त्यांना उच्चारता येत नाही. परंतु गणपतीची आरती सुरू केली की पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत शब्दन् शब्द स्पष्ट बाहेर पडतो. हे पाहून घरच्या मंडळींना चमत्कार झाल्यासारखे वाटते. तो चमत्कार नव्हे. १७४५ साली स्वीडनमधील ओलोफ डालिन याने असाच एक रुग्ण नोंदविला आहे: उजवे अंग गेलेले, ‘हो’ याखेरीज शब्द निघत नाही, पण पूर्वी पाठ असलेली स्तोत्रे मात्र गाता येतात. बोलण्याची आणि गाण्याची मेंदूतील वाट सर्वस्वी एक नाही, एवढाच याचा अर्थ. १९७३ साली बॉस्टनच्या तिघा संशोधकांनी या गोष्टीवर एक रीतसर पद्धत उभारली: रोजच्या उपयोगाचे लहान वाक्य उंच आणि खालच्या अशा दोनच स्वरांवर गुणगुणावयाचे, प्रत्येक अक्षराबरोबर रुग्णाच्या डाव्या हाताने ठोका द्यावयाचा, आणि मग स्वर हळूहळू काढून घेत त्याला साध्या बोलण्याकडे न्यावयाचे.

आरती येते म्हणून टाळ्या वाजवून निघून जाणे, हा झाला तक्त्याचा मार्ग. माझे काम आरती संपल्यावर सुरू होते. ‘पाणी द्या’ हे दोन शब्द, षड्ज आणि गांधार, डाव्या हाताचा ठोका. दिवसातून वीस वेळा, आठवड्यातून तीन दिवस, असे किती आठवडे गेले ते वहीत आहे. काकांनी जेव्हा एका दुपारी माझ्या गैरहजेरीत काकूंकडे स्वतः पाणी मागितले, तेव्हा कोणता राग चालू होता? कोणताही नव्हता. दोन स्वरांना राग म्हणत नाहीत.

दुसरा मुक्काम कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांचा. तेथे तर स्वराचेही काम थोडे. सर्व मदार लयीवर. पाऊल उचलू गेले की जमिनीला खिळते, अशी ही माणसे. प्रथम त्यांची स्वतःची चाल मोजावयाची, तेवढ्याच गतीने केरव्याचा साधा ठेका धरावयाचा, पाऊल त्याला लागले म्हणजे ठेका थोडा थोडा चढवावयाचा. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा तालबद्ध चालण्याचा तीन आठवडे सराव केलेल्या रुग्णांची गति आणि पावलांचे अंतर वाढल्याचे आढळले. येथे ठेका ही औषधाची मात्रा आहे म्हणा. पण तीही प्रत्येकाच्या पावलाने ठरते, तक्त्याने नव्हे.

दुपारी विशेष मुलांची शाळा. तेथे एक मुलगा कोणाकडे पाहत नाही, हाक मारली तरी ओ देत नाही; एका हाताने मेजावर सारखा आघात करीत राहतो. त्याला दरबारी ऐकवावा काय? मी त्याच्या आघातालाच सम मानतो आणि खंजिरीवर त्याला साथ करितो. तो थांबला की थांबतो. त्याने गति वाढविली की वाढवितो. महिनाभर तो मुख्य आणि मी साथीदार. मग एखादे दिवशी तो मुद्दाम थांबतो, मी थांबलो की नाही हे पाहण्यासाठी वर बघतो, आणि हसतो. त्या एका कटाक्षासाठी मी तेथे जातो. ब्रिटनमध्ये १९५९ साली पॉल नॉर्डॉफ हा पियानोवादक-रचनाकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा शिक्षक एकत्र आले आणि मुलाच्या रडण्यालाही सूर मानून त्यावर संगीत रचीत गेले, तेव्हापासून या मार्गाने पुष्कळ लोक गेले आहेत.

शेवटचा मुक्काम वृद्धाश्रम. आणि तेथली एक गोष्ट सांगताना मला स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या एक आजी सायंकाळ झाली की अस्वस्थ होत, दाराशी जात, घरी जावयाचे म्हणून रडत. मी नवा होतो. मैफलीत चार लोकांची वाहवा मिळू लागली होती. संध्याकाळची वेळ पाहून मी पूरिया मांडला. आवाज लागला होता, तानपुरा मिळाला होता. असा पूरिया माझ्याकडून फार वेळा झालेला नाही. आजींनी कानांवर हात ठेविले आणि किंचाळल्या. मी आणखी हळू, आणखी मंद्रात गेलो. त्यांनी माझ्या अंगावर पेला फेकला. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी आत आल्या, आजींच्या जवळ खाली बसल्या आणि काही न बोलता जात्यावरची ओवी गुणगुणू लागल्या. गळा साधारण, सूर थोडा उतरलेला. दुसऱ्या ओवीला आजींचा हात जात्याच्या खुंट्यावर असावा तसा फिरू लागला. चौथ्या ओवीला त्या स्वतःच म्हणू लागल्या. मी गात होतो माझ्यासाठी, आणि मावशी गात होत्या आजींसाठी. चरकाचे ‘अभिप्रायज्ञ’ हे विशेषण त्या दिवशी मावशींना शोभले, मला नव्हे.

रात्री मी मैफल करितो, निदान मिळेल तेव्हा करितो. गवई असल्यावाचून हे काम नीट होत नाही असे माझे मत आहे. गळा आणि हात इतके तयार हवेत की त्यांच्याकडे लक्षच द्यावे लागू नये, म्हणजे सर्व लक्ष समोरच्या माणसाकडे देता येते. ब्रिटनमध्ये १९५८ साली या कामाची संस्था स्थापणाऱ्या ज्युलिएट अल्व्हिन याही पाब्लो कासाल्सकडे शिकलेल्या उत्तम चेलोवादक होत्या. परंतु मंचावर मी श्रोत्याला समेची वाट पाहावयास लावितो. खाटेपाशी मला त्याची वाट पाहावी लागते. एकाच दिवसात या दोन्ही गोष्टी करणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल. त्यांना तक्ता काय देतो? तो सांगतो की, तुमची गरज नाही.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो प्रामाणिक आहे. तुमच्या पद्धतीने तरी नक्की गुण येतो, याला प्रमाण काय? हा प्रश्न मला आवडतो. कारण तो विचारला गेला की यादी आणि विद्या यांतील अंतर दिसते. अमेरिकेत युद्धातील जखमींच्या रुग्णालयांत वादक जाऊ लागले, त्यांच्या कामाला शिक्षणाची जोड हवी म्हणून १९४४ साली मिशिगनमध्ये अभ्यासक्रम निघाला, १९५० साली राष्ट्रीय संघटना झाली. तेव्हापासून हे लोक आपले काम मोजून पाहत आले आहेत, आणि माप विरुद्ध आले तरी छापीत आले आहेत. २०१७ साली नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांवर केलेल्या मोठ्या परीक्षेचे फळ प्रसिद्ध झाले: पाच महिन्यांच्या संगीतोपचाराने, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, त्या आजाराच्या मुख्य लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. माझ्या मेजावर आघात करणाऱ्या मुलाचे स्मरण ठेवून मी हे वाचले, आणि मला ते सुखाचे गेले नाही. पण ते छापले गेले, वाचले गेले, त्यावर वाद झाले. कोणत्या मुलाला, कशासाठी, किती दिवस, हे प्रश्न अधिक बारकाईने विचारले जाऊ लागले. आमच्या तक्त्याला असा पराभव कधीच पत्करावा लागलेला नाही. कारण तो कधी आखाड्यात उतरलेलाच नाही. जो कुस्ती खेळत नाही त्याची पाठ मातीला लागत नाही, म्हणून त्याला कोणी मल्ल म्हणत नाही.

‘असो, उपाय झाला नाही तरी अपाय तर नाही ना?’ असे म्हणणारे सज्जन पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एकच प्रसंग सांगतो. एका मैफलीनंतर एक गृहस्थ मला भेटावयास आले. निवेदकाने मालकंसाचे रोगहारक गुण नुकतेच वर्णिले होते, आणि मी, गाणे रंगल्याच्या आनंदात, ते मुकाट्याने ऐकून घेतले होते. गृहस्थ म्हणाले, “आईला मधुमेह आहे. आता रोज दोन वेळा राग लावतो. गोळ्या निम्म्या केल्या आहेत. राग आणखी कोणता वाढवावा?” मी त्यांचे दोन्ही हात धरून गोळ्या आज रात्रीपासून पूर्ववत् सुरू करावयास आणि सकाळी डॉक्टरांकडे जावयास विनविले. ते गेले ते माझ्यावर नाराज होऊन. स्वतःच्याच विद्येवर विश्वास नसलेला गवई, असे त्यांना वाटले असावे. पुढे काय झाले ते मला कळले नाही. त्या निवेदनाच्या वेळी मी गप्प बसलो होतो, हे मात्र मी विसरू शकत नाही. आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तक्त्यापेक्षा ते मौन आहे.

म्हणून माझी तक्रार रुग्णालयाच्या चालकांविरुद्ध कमी आणि आम्हा गवयांविरुद्ध अधिक आहे. छतातला ध्वनिक्षेपक माणसापेक्षा स्वस्त पडतो, हे चालकांना कळले यात नवल नाही. परंतु आमच्या रागांना औषध म्हटले की आमची मान उंचावते, आणि मनोरंजन म्हटले की खाली जाते, असे का व्हावे? कलेला कलेचे मोल पुरेसे वाटेनासे झाले, की ती दुसऱ्याच्या झग्यात मिरवू लागते. दुःखी मनुष्याला तासभर दुःखाबाहेर नेणे, मरणाच्या दारातील वृद्धेला तिचे माहेर परत देणे, हे काम इतके क्षुद्र आहे काय, की त्यावर मधुमेहाचा शिक्का मारल्यावाचून ते खपू नये?

गवयांनी आपल्या मैफलीतून रोगहारक निवेदने बंद करावीत. कोणी करू लागल्यास तेथल्या तेथे, नम्रपणे पण स्पष्ट, नाही म्हणावे. रसिकांनी अशी यादी हाती आली की ती पुढे धाडू नये. रुग्णालयांनी संगीत अवश्य आणावे. पण त्याबरोबर ते करणारा शिकलेला माणूस आणावा, त्याच्याकडून वही मागावी, त्याच्या कामाचे माप घ्यावे, आणि मापात उतरला तर त्याला परिचारिकेप्रमाणे, व्यायामोपचारकाप्रमाणे वेतन द्यावे. मापात न उतरला तर त्याला निरोप द्यावा. मला दिला तसा सौजन्यपूर्वक दिला तरी चालेल.

चरकाच्या त्या गणनेत गाणारा मनुष्य कोठे उभा आहे, हे पुन्हा एकदा पाहावे. स्नान घालणारा, अंग रगडणारा, उठविणारा, निजविणारा, औषध वाटणारा, यांच्या ओळीत तो उभा आहे. ती ओळ सेवकांची आहे आणि तीत उभे राहण्यात कोणत्याही उस्तादाला कमीपणा नाही. आमची जागा औषध वाटणाराच्या शेजारी आहे, खलात नाही.